शून्य सत्त्याहत्तर

शिमग्यात रत्नागिरीत कोणी आजारी पडू नये. पडायचंच असेल तर होळीच्या आधी पडावं, नाहीतर पालख्या देवळात परत गेल्यावर. मधल्या दिवसांत आमचं अर्धं इस्पितळ आपापल्या गावी पालखी नाचवत असतं आणि उरलेलं अर्धं, रजा मिळाली नाही म्हणून तोंड फुगवून बसलेलं असतं. मी दरवर्षी उरलेल्या अर्ध्यात. रक्तपेढीत तंत्रज्ञ मी एकटी, त्यामुळे माझी रजा कोणी नाकारतही नाही. मागायची सोयच नाही.

मैनाला हे कोण सांगणार? अठ्ठ्याऐंशीच्या शिमग्यात, धुळवडीच्या सकाळी ती आमच्याकडे बाळंत झाली. मुलगी ठणठणीत झाली आणि आईचं रक्त थांबेना. डॉक्टरबाईंनी ते कसंबसं थांबवलं, तोवर तिच्या अंगात फारसं उरलं नव्हतं. "राही, ओ गट दिसतोय, लगेच जुळवून दे," असा निरोप आला. ओ गटाच्या बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये होत्या. मी निवांतपणे काचपट्टी घेतली.

पहिल्या बाटलीशी जुळवलं तर रक्ताच्या गाठी झाल्या. मला वाटलं, काच नीट धुतली नसेल. दुसऱ्या बाटलीशी जुळवलं, पुन्हा गाठी. फ्रिजमधली एकेक बाटली काढत गेले आणि प्रत्येकीशी तेच. शेवटच्या बाटलीपर्यंत मैनाचं रक्त कोणतं आहे ते मला कळलं होतं.

या गटाला मुंबईचं नाव आहे, कारण तो पहिल्यांदा तिथे ओळखला गेला. वरवर तपासलं तर ओसारखा दिसतो, पण या माणसांना ओ चालत नाही, काहीच चालत नाही. फक्त त्यांच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचं रक्त चालतं. हजारो माणसं तपासावीत तेव्हा असा एखादा निघतो. आमच्या कोकणात थोडे जास्त निघतात, असं मुंबईहून शिबिरं घ्यायला आलेले डॉक्टर म्हणायचे. रक्तात दोष काही नसतो. माणूस आयुष्यभर भात लावतो, पोरं वाढवतो, त्याला पत्ताही नसतो. मैनालाही नव्हता.

तिचा भाऊ बाहेर होता, त्याचं रक्त तपासलं, तो साधा बी निघाला. मुंबईच्या रक्तपेढीला फोन लावला. बराच वेळ घंटा वाजल्यावर एका माणसाने उचलला. म्हणाला, बाटली मिळाली तर रात्रीच्या गाडीने पाठवतो. म्हणजे उद्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक बाटली आज मिळाली तर ती उद्यापर्यंत तग धरेल. नाही मिळाली तर संध्याकाळ काढणार नाही."

दरवाजात तिचा नवरा दादू उभा होता. मुंबईत गिरणीत होता, शिमग्याला आलेला. कानामागे गुलाल तसाच. "बाय, रक्त गावला काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बघतो आम्ही. हे उत्तर देताना मला माझाच राग आला.

खरं म्हणजे रक्त कुठे आहे ते आम्हाला ठाऊक होतं. शिबिरांत अशी माणसं निघाली होती, आणि त्यांची नावं, गावं आमच्याच इस्पितळात होती. मी नळ्यांवर आकडे घातले होते, नावं आमच्या जानूने लिहून घेतली होती. चिठ्ठ्या मुंबईच्या डॉक्टरांनी नेल्या, आणि त्यांची कचेरी धुळवडीला बंद. नावं आमच्या मशीनमध्ये.

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. आमचं इस्पितळ धर्मादाय. मुंबईत बस्तान बसलेल्या एका गाववाल्याने आईच्या नावाने सत्त्याऐंशी साली ते दिलं होतं. एक मोठा डबा आणि त्याला जोडलेले चार पडदे. त्यावर युनिक्स नावाची व्यवस्था चालायची, आणि ती आमच्या आप्पांखेरीज कोणाला धड कळत नव्हती. आप्पा कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख; विभाग म्हणजे ते आणि जानू. तेव्हा आमच्याकडे सगळंच सगळ्यांना दिसायचं. मी रक्ताचा साठा टाकला की तो स्वयंपाकघरातल्या धोंडूलाही वाचता यायचा, आणि तो वाचायचाही. एकमेकांच्या डब्यातलं खाणारी माणसं आम्ही, फायलींचा पडदा कशाला, असं सगळे म्हणायचो. आप्पाही म्हणायचे.

मग गणपतीनंतर एक दिवस एक शेतकरी बाप आप्पांच्या खोलीत दार लावून बसला. तो गेला तेव्हा आप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. आम्हाला कळलं ते एवढंच, की कोण्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं होतं, की मुलीच्या रक्तात काहीतरी वावगं आहे, आणि ते आमच्या मशीनमधून गेलं होतं. मुलगी कोण, हे आप्पांनी कोणालाच सांगितलं नाही. बातमी कोणी फोडली ते त्यांनाही कळलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आप्पांनी आम्हाला मशीनच्या खोलीत उभं केलं. "आजपासून एक आकडा बसवलाय," ते म्हणाले. "शून्य सत्त्याहत्तर. नवी फाईल जन्माला आली की मशीन हा आकडा बघतं. हा देण्याचा आकडा नाही, काढून घेण्याचा आहे. पहिलं शून्य फाईलच्या धन्याचं, म्हणजे ज्याने ती केली त्याच्याकडून काही काढायचं नाही. मधला सात त्याच्या विभागाचा, शेवटचा सात बाकी सगळ्यांचा. सात म्हणजे सगळं काढून घेतलं. वाचायचं नाही, लिहायचं नाही, हातही लावायचा नाही. तुम्ही लॉगिन केलंत की आपोआप लागू. कोणी विसरायचा प्रश्न नाही."

"बरं केलंत आप्पा," रेकॉर्डमधल्या कमळाताई तेव्हा म्हणाल्या होत्या. हे मला चांगलं आठवतं.

आप्पांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "जुन्या फायलींना हा आकडा लागत नाही. त्या जन्मल्या तशाच राहतात. त्या ज्याच्या त्याने बंद करायच्या." जानूने रक्ताची जुनी फाईल पुसली आणि नवी केली. ती जन्मली तीच कुलूपबंद. छापील कागदही आप्पांनी बंद केला, कारण कागदाला आकडा लावता येत नाही. आता ती फाईल उघडणारी माणसं दोन. एक जानू, तिचा धनी. दुसरे आप्पा, कारण मशीनचा मुख्य पासवर्ड त्यांच्या डोक्यात. तो कुठे लिहून ठेवणं त्यांना पसंत नव्हतं.

आणि शिमगा आला. जानू चिपळूणच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावात पालखी खांद्यावर घेऊन नाचत होता. आप्पांचं डोकं मंडणगडात होतं. दोन्ही गावांत फोन नाही. इतका विचार करून घातलेलं कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या शिमग्याला. वर्षभर शिमग्याचे दिवस मोजणाऱ्या माणसांना हे एकदाही सुचलं नव्हतं. चिपळूणच्या एसटी स्टँडवर निरोप ठेवला. तिथला माणूस हसून म्हणाला, "आज कोण जानार बाई निरोप घेऊन?"

तरी मी मशीनच्या खोलीत गेले. तिथे कमळाताई एकट्या होत्या. रेकॉर्ड विभागाच्या जुन्या कारकून, पन्नाशी उलटलेल्या, माहेरी-सासरी जवळचं कोणी उरलेलं नाही, म्हणून शिमग्यातही हजर. इस्पितळात आम्ही त्यांना वधूवर सूचक मंडळ म्हणायचो. जिल्ह्यातली कोणती मुलगी लग्नाची आहे, कोणत्या मुलाला मुंबईत खोली आहे, सगळं त्यांना पाठ. एक पैसा न घेता लग्नं जुळवायच्या, आणि जुळवलेल्या लग्नातल्या बारशाला पहिल्या हजर असायच्या. मलाही तीन स्थळं त्यांनीच आणली होती. मी तिन्ही नाकारली तरी माझ्यावर राग धरला नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे देवा," आणि मला खुर्ची दिली.

मी माझ्या नावाने लॉगिन केलं आणि जानूची फाईल मागितली. मशीनने इंग्रजीत दोनच शब्द लिहिले, परवानगी नाही. पुन्हा मागितली. परवानगी नाही. जानूचा पासवर्ड अंदाजाने घालून पाहिला. त्याच्या गावाचं नाव, देवाचं नाव, त्याच्या मुलाचं नाव. मशीन ढिम्म. मी टेबलावर मूठ आपटली. कमळाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात थंडगार होता, पण मला वाटलं, काळजीने.

"चहा घेतेस?" त्यांनी विचारलं.

"नको."

त्या स्वतःच्या पडद्यासमोर जाऊन बसल्या. काही करत नव्हत्या. बोटं कळांवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या.

डॉक्टरबाई आत आल्या. त्यांच्या मागे दादू, दरवाजाशीच थांबला. "ती गार पडायला लागलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही निघतंय का?"

आणि तेव्हा मला आप्पांचं ते दुसरं वाक्य आठवलं. जुन्या फायली जन्मल्या तशाच राहतात. मी मोठ्याने म्हटलं, "जानूने जुनी फाईल पुसली, पण त्याआधी कोणी आपल्याकडे उतरवून घेतली असेल तर ती उघडीच असेल. मुलीचं लग्न ज्याने मोडलं त्याच्याकडे असेल." डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग शोध."

मशीनमध्ये प्रत्येकाच्या नावाची एक खोली होती. खोल्या जुन्या, आकड्याच्या आधीच्या, त्यामुळे त्यांची दारं सताड उघडी. आतल्या नव्या पेट्यांना तेवढं कुलूप. मी एकेका खोलीत शिरून कोणत्या फायली उघड्या आहेत ते पाहायला लागले. मशीन नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने दाखवायचं. पहिले आप्पा. त्यांच्या खोलीत सगळं बंद, आप्पाच ते. मग धोंडू. त्याच्या खोलीत भाजीचा हिशेब आणि एक लावणी. मग जानू. जानूच्या खोलीत मी जास्त वेळ घालवला, एखादी अर्धवट प्रत राहिली असेल म्हणून. नव्हती.

पुढचं नाव कमळा.

"थांब गो राही," कमळाताई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत. "माझ्यात शोधू नको. मीच काढून देते."

दादूला काय चाललंय ते कळलं नव्हतं. कमळाताईंनी कळा दाबल्या. पडद्यावर एक ओळ आली. धनी कमळा, तारीख गणपतीच्या आधीची, वाचायचा हक्क सगळ्यांना. मग नावं उमटायला लागली.

"इतका वेळ माझ्या शेजारी बसून होतात," मी म्हटलं. "मी जानूच्या पोराचं नाव घालत होते पासवर्डला, आणि तुम्ही मला चहा विचारत होतात." माझा आवाज चढला होता. आणखीही बोलले असते.

"नंतर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी नावं."

बहुतेक लांबची होती. कोणी मुंबईत कामाला, एक म्हातारा दापोलीकडचा. जवळचं नाव एकच. तुळसा, वय एकवीस, पालीच्या पुढच्या एका गावातली. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तुळसाचं लिहिते, त्याचं कारण शेवटी कळेल.

"हीच का ती?" डॉक्टरबाईंनी विचारलं. कमळाताईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "घर मला माहीत आहे. स्थळ मीच नेलं होतं."

जीपमध्ये पुढे ड्रायव्हर रामा, मागे समोरासमोर मी आणि कमळाताई. वाटेत पोरांनी रस्त्यावर दोर धरून शिमग्याची वर्गणी मागितली. रामाने खिडकीतून काय सांगितलं कोण जाणे, दोर लगेच खाली आला. मी कमळाताईंकडे बघणार नाही असं ठरवलं होतं. त्याच बोलल्या.

"मुलाच्या आईने मला विश्वासाने विचारलं होतं. मुलीची सगळी माहिती काढ म्हणाली. मी काढली. त्यात हे दिसलं. नंतर कळलं असतं तर मी खोटी पडले असते ना गो?"

"काय कळलं असतं? तिच्या रक्तात काही नाही."

"मला काय माहीत? तिथे वेगळा गट लिहिलेला. वेगळं म्हणजे वाईटच असणार, असं वाटलं."

"मला विचारायचंत. मी वरच्या मजल्यावर बसते."

मला विचारलं असतं तर कुठून कळलं ते सांगावं लागलं असतं. मला त्यांची कीवही येत होती, याचा मला जास्त राग आला.

गावात शिरलो तेव्हा ढोल ऐकू येत होते. पालखी वरच्या घरांकडे होती, खाली यायची होती. तुळसाच्या घरी अंगण सारवून रांगोळी घातलेली, ओटीचा नारळ, तांदूळ, खण पाटावर मांडून ठेवलेला. बाप पालखीबरोबर होता. आई दारात आली आणि कमळाताईंना बघून तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा बघणं मला फार जड गेलं.

"या या कमळाताय. पालखीच्या दिवशी आलाव, बरा झाला. बसा."

त्यांना ठाऊकच नव्हतं. लग्न इस्पितळवाल्यांनी मोडलं, असं त्यांना वाटत होतं, आणि कमळाताई इस्पितळात असल्या तरी त्यांच्या लेखी स्थळ आणणाऱ्या, आपल्या माणसांतल्या. मी कोण, कुठून आले ते सांगितलं, तशी आई मागे सरली.

"म्हंजे तुमी ती लोकं. पोरीचा रक्त गावभर केलाव. सा म्हयने झाले, एक स्थळ येत न्हाय दारात. आनि आता तेच रक्त मागायला आलाव?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "एक बाळंतीण आहे. सकाळी मुलगी झाली. तुळसाच्या रक्ताखेरीज दुसरं चालत नाही. एक बाटली. तुळसाला काही होणार नाही."

आईने पाटाकडे पाहिलं. ढोल जवळ येत होते. पालखी दारात यायच्या वेळी घरचं माणूस घर सोडत नाही. आणि लेकीने ओटी भरायची, त्यातून या वर्षी लग्नासाठी गाऱ्हाणं घालायचं ठरलेलं. हे सगळं त्या पाटावर मांडलेलं दिसत होतं. शेवटी ती कमळाताईंकडे वळली. "तुमी सांगा. तुमी आमच्यातल्या. पाठवू काय पोरीला?"

कमळाताईंनी आता खरं सांगितलं तर हे दार बंद होणार होतं. जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, "पाठव गो."

तुळसा आतून सगळं ऐकत होती. हात पुसत बाहेर आली. काळीसावळी, उंच, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. "मरंल काय ती?" तिने मला विचारलं.

"बाटली नाही मिळाली तर."

"चला मग."

"आनि पालखी गो?" आई म्हणाली.

"पालखी उद्या बी गावातच हाय." तिने ढोलांच्या दिशेने हात जोडले आणि जीपमध्ये येऊन बसली. कमळाताईंच्या शेजारी.

पाली मागे पडलं. रामा गाडी हाणत होता. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं, बघून काही उपयोग नव्हता. तुळसाच माझ्याकडे बघत होती.

"एक इचारू काय? तुमच्या आप्पांनी बाबांना शबूद दिला होता. म्हनाले, आता तुमच्या लेकीचा नाव एका मानसाबिगर कुनाला दिसायचा न्हाय. तो मानूस आला काय आज?"

"नाही," मी म्हटलं. "तो गावी गेलाय."

"मग नाव कसा गावला?"

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. मशीनमधून मिळालं म्हणणार होते. ते अर्धं खरंही होतं. पण मी तोंड उघडायच्या आत कमळाताई बोलल्या.

"माझ्याकडे होतं. मी आधीच उतरवून घेतलं होतं. मुलाच्या आईला मीच सांगितलं, तुळसा."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. जेव्हा गप्प बसायचं तेव्हा ही बाई बसली नाही, आणि आता घटकाभर, रत्नागिरी येईपर्यंत, बसायचं होतं तर तेही हिला जमलं नाही.

तुळसाने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. मग शांतपणे म्हणाली, "गाडी थांबवा."

रामाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, तरी त्याने थांबवली. हातखंब्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना उघडा कातळ, एक झाड नाही. इंजिन बंद झालं तशी इतकी शांतता झाली, की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

"तुळसा," मी म्हटलं, "ती बाई मरेल गो."

"ठाऊक हाय मना." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिची नजर कमळाताईंवर होती. "आयेने आताच तुमाला इचारलान, पाठवू काय. तेवा बोललाव न्हाय."

"तेव्हा बोलले असते तर तुला पाठवलं नसतं."

"मंग आता का बोललाव?"

"तू विचारलंस म्हणून."

समोरून एक ट्रक आला आणि धूळ उडवून गेला. मी मनात मैनाच्या मुलीचा चेहरा आणायचा प्रयत्न करत होते, आणि तो येईना. मी तिला नीट बघितलंही नव्हतं. आता ही मुलगी उतरली तर तिला उचलून आत बसवायचा हक्क मला नाही, हे मला कळत होतं. रक्त तिचं.

तुळसाने जीपची मागची फळी उघडली.

"तुमी उतरा," ती कमळाताईंना म्हणाली.

कमळाताई उतरल्या. पदर डोक्यावर घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. तुळसाने फळी ओढून लावली. "चला," ती रामाला म्हणाली, "किती वेळ थांबताव?"

इस्पितळात पोचल्याबरोबर मी तिचं रक्त मैनाच्या रक्ताशी जुळवलं. काचपट्टीवर थेंब पसरला आणि तसाच राहिला. गुळगुळीत, एकही गाठ नाही. खुर्चीवर बसून मी रडले. रडताना बाटलीची सुई तयार करत होते, तेवढी सवय हाताला असते.

बाटली वर गेली. तुळसा खाटेवर पडून चहा आणि बिस्किटं खात होती. मी तेवढ्यात मशीनच्या खोलीत गेले. कमळाताईंची ती प्रत तशीच होती. मी ती पुसायचा हुकूम दिला. परवानगी नाही, मशीन म्हणालं. वाचायचा हक्क साऱ्या इस्पितळाला होता, पुसायचा एकट्या धन्याला.

ऊन उतरायला लागल्यावर कमळाताई आल्या. धुळवडीला एसटी कुठली. एका टेम्पोने अर्ध्या वाटेत सोडलं होतं, बाकीचं चालत. पाय धुळीने तांबडे झालेले. त्यांनी मला विचारलं, "ती बाई?"

"ओठांवर रंग आलाय," मी म्हटलं. "डॉक्टरबाई म्हणतात, उद्याची बाटली येईपर्यंत राहील."

तुळसा माझ्या मागे दारात येऊन उभी होती. तिने कमळाताईंना मशीनकडे बोट दाखवलं. "आदी ता पुसा."

कमळाताई बसल्या. तुळसा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. नाव घातलं, कळ दाबली. हे मशीन पुसल्यावर काही म्हणत नाही, नुसती रिकामी ओळ दाखवतं.

"झाला?"

"झालं."

"त्याला परत इचारा."

कमळाताईंनी ती फाईल पुन्हा मागितली. मशीन म्हणालं, अशी फाईल नाही. मी ते तुळसाला मराठीत सांगितलं. तिने मान हलवली. कमळाताई हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या घरी येऊन आईपाशी सांगते मी." तुळसा म्हणाली, "या. पालखी जाऊ द्या, मंग या." तिच्या आवाजात माया नव्हती, पण ती नाहीही म्हणाली नाही.

मग ती मला म्हणाली, "बायला बगू काय?"

मी तिला वर नेलं. आमच्या मागून, दोन पायऱ्या सोडून, कमळाताई आल्या आणि बाहेर थांबल्या. वॉर्डात बरीच माणसं होती. मैनाच्या गावची, आणि शेजारच्या खाटांवरचीही, कारण बातमी सगळीकडे गेलेली. मैना डोळे मिटून होती. तिच्या उशाशी बाटली लटकत होती, निम्मी उतरलेली. दादू खाटेच्या पायाशी बसला होता, मांडीवर मुलगी. तुळसाला बघून तो धडपडत उठला. इतका वेळ कोणी त्याला काही सांगितलं नव्हतं.

"तूच काय गो ती? नाव काय तुजा?"

मी पुढे झाले. आप्पांनी शब्द दिला होता, म्हणून म्हटलं, "नाव सांगायची पद्धत नाही आमच्याकडे. ते..."

तुळसाने माझ्या हाताला धरून मला बाजूला केलं.

"तुळसा," ती म्हणाली. मग आपल्या बापाचं नाव सांगितलं, मग गावाचं. इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने मान वर केली. "माजा रक्त येगळा हाय. हिच्यासारका. कुनाला इचारायचा असंल तर मना इचारा."

दादूने मुलगी तिच्या हातात दिली, आणि ती खाटेच्या कडेला बसून तिला खेळवायला लागली.